लॅपटॉपला हात लावला की झिणझिणतं? आधी घरची अर्थिंग बघा

मे महिन्यात जळगावात दुपारी फरशीवर अनवाणी बसायचो, लॅपटॉप चार्जिंगला, अन् मनगट मेटल बॉडीला टेकलं की मुंग्या आल्यासारखं व्हायचं, मला वाटलं लॅपटॉप गेला भो, पण पिन काढून बॅटरीवर चालवला की काहीच नाही.

होतं असं की अडॅप्टरच्या आत विजेतला नॉइज (गडबड) दाबायला छोटे कपॅसिटर असतात, त्यातून किंचित करंट गळतो, चांगल्या अडॅप्टरात एक मिलीअँपिअरच्याही आतच. अर्थिंग असली तर तो निमूट जमिनीत जातो, नसली तर तुमच्यातून.

आधी प्लग बघा. दोन पिनचा असेल तर अर्थिंगला रस्ताच नाही, थोडं झिणझिणणारच, चप्पल घाला अन् कामाला लागा. तीन पिनचा असून झिणझिणतंय तर घोळ बहुतेक बोर्डात किंवा अर्थिंगमध्ये. मधे टू पिन कन्व्हर्टर असेल, किंवा कोणी वरची जाड पिन कापली असेल (आपल्याकडे कापतात राव!), ते जुगाड आधी फेका. झिणझिण नाही, चांगला झटकाच बसला किंवा अडॅप्टर फुटलाय, वायर सोललीय, तर बटन बंद करून तो वापरणंच सोडा.

मग वायरमनला बोलवा. मल्टीमीटरवर (व्होल्ट मोजायचं यंत्र) फेज-अर्थ 230 च्या आसपास अन् न्यूट्रल-अर्थ दोन-चार व्होल्ट दिसायला हवेत, पण मीटर फसवतं, अर्थिंग कमजोर असली तरी आकडा बरोबर दाखवतं, म्हणून आमच्या वायरमनने फेज अन् अर्थला शंभरचा बल्ब लावला. नुसता लालसर मिणमिणला, म्हणजे अर्थिंग कमजोर. वायर ठीक होती, अंगणातला अर्थिंगचा खड्डाच कोरडाठाक पडलेला, आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते अन् त्यातल्या अर्थिंगच्या पाईपला सोडते ना. चार बादल्या पाणी ओतलं, थोड्या वेळाने बल्ब बऱ्यापैकी पेटला. नंतर कोळसा-मीठ भरून घेतलं, आता उन्हाळाभर दर आठवड्याला पाणी.

वायरमन म्हणाला की न्यूट्रललाच अर्थ जोडून देतो, तर हात जोडून नाही म्हणा, न्यूट्रल तुटला की लॅपटॉपच्या बॉडीवर सरळ 230 येतात.

अन् मला खरी भीती लॅपटॉपची नाहीच, त्याच बोर्डावर आमचा पत्र्याचा कूलर होता, ओल्या हाताने पाणी भरायचो. आता 30 मिलीअँपिअरची आरसीसीबी (करंट गळला की लगेच वीज तोडणारा स्विच) बसवलीय, तरी प्लग काढल्याशिवाय कूलरला हात लावत नाही.