बॅकडोअर शिरलेला संगणक साफ करताना या चुका टाळा

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यातील डीटीपी केंद्रांत मराठी लग्नपत्रिका, कन्नड अर्ज आणि इंग्रजी कोटेशन ही कामे बहुधा एकाच संगणकावर होतात. त्यासाठी मराठी-कन्नड टायपिंगची सॉफ्टवेअर, कोरलड्रॉ, टॅली असा सारा सरंजाम लागतो, आणि त्यातील जे विकत घ्यावे लागते ते अनेक ठिकाणी क्रॅक करून, म्हणजे परवान्याचे कुलूप तोडून फुकटात, बसवलेले असते. बॅकडोअर, म्हणजे संगणकावर दुरून ताबा मिळवण्यासाठी लपवून ठेवलेला प्रोग्राम, शिरल्याची पहिली शंका येथेच घ्यावी. क्रॅकसोबतच्या सूचनांमध्ये ‘आधी अँटिव्हायरस बंद करा’ असे बहुतेक वेळा लिहिलेले असते आणि आपणही ती सूचना निमूटपणे पाळतो. म्हणजे पहारेकऱ्याला आपणच घरी पाठवतो. कन्नड गणक परिषदेने तयार केलेले नुडी हे कन्नड टायपिंगचे सॉफ्टवेअर तर मोफत मिळते, तरीही ते भलत्याच संकेतस्थळावरून उतरवण्याचे कारण समजत नाही.

बॅकडोअर काम कसे करतो हे न समजल्यामुळे पुढच्या बऱ्याच चुका होतात. 1998 साली गाजलेला बॅक ओरिफिस हा बॅकडोअर संगणकावर एक पोर्ट, म्हणजे जोडणीचे दार, उघडून बाहेरच्या जोडणीची वाट पाहत असे. आजचे बहुतेक बॅकडोअर स्वतःच आतून बाहेरच्या सर्व्हरशी संपर्क साधतात आणि पलीकडील माणसाच्या आज्ञेची वाट पाहतात. जोडणी आतून सुरू झालेली असल्याने राउटरला ती एखादे संकेतस्थळ उघडल्यासारखीच दिसते आणि तो तिला अडवत नाही. त्यामुळे ‘आमचा राउटर चांगला आहे’ या भरवशावर राहू नये. संगणक मंद झाला नाही म्हणून तो स्वच्छ आहे असेही मानू नये, कारण लपून राहणे हेच ज्याचे काम आहे तो गाजावाजा करत नाही.

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतील फाउंड्री आणि मशीन शॉपमध्ये धोका वेगळ्या वाटेने येतो. चौकशीच्या ईमेलसोबत ‘ड्रॉइंग’ किंवा ‘परचेस ऑर्डर’ येते, नावाच्या शेवटी पीडीएफ असे दिसते, आणि विंडोज ओळखीची एक्स्टेन्शन (फाइलीचा प्रकार सांगणारी शेवटची अक्षरे) लपवत असल्यामुळे त्यापुढचे ईएक्सई, म्हणजे ती फाइल प्रोग्राम असल्याची खूण, दिसतच नाही. फाइल एक्सप्लोररच्या व्ह्यू मेनूत एक्स्टेन्शन दाखवण्याचा पर्याय आहे. तो प्रत्येक संगणकावर आजच सुरू करावा. इंटरनेटवरून आलेल्या ऑफिस फाइलींतील मॅक्रो (फाइलीत दडलेल्या, आपोआप चालणाऱ्या आज्ञा) मायक्रोसॉफ्टने 2022 पासून मुळातच अडवायला सुरुवात केली, तेव्हापासून हल्ल्यांसाठी झिप, आयएसओ (डिस्कची प्रत असलेली फाइल) आणि शॉर्टकट फाइलींचा वापर वाढला. ‘तुम्ही यंत्रमानव नाही हे सिद्ध करा’ असे सांगून कळफलकावरील विंडोज आणि आर ही बटणे दाबायला व उघडलेल्या रन चौकटीत काही पेस्ट करायला लावणारी पानेही आता आली आहेत. कोणतीही खरी पडताळणी असे करायला सांगत नाही. अधिकृत ठिकाणाहून उतरवलेले सॉफ्टवेअरही क्वचित दगा देते, हेही लक्षात असावे: 2017 मध्ये सीक्लीनर या संगणक सफाईच्या सॉफ्टवेअरची 5.33 ही आवृत्ती अधिकृत सर्व्हरवरूनच बॅकडोअरसह वाटली गेली होती.

आता प्रत्यक्ष सफाईकडे वळू. इंटरनेट चालू ठेवून स्कॅन सुरू करणे ही पहिली चूक, कारण तोपर्यंत पलीकडचा माणूस आतच असतो आणि आपण काय करतो आहोत ते पाहू शकतो. लॅनची केबल काढावी, वाय-फाय बंद करावे आणि जीएसटी किंवा निविदेसाठी लावलेला डिजिटल सहीचा यूएसबी टोकनही लगेच काढून घ्यावा. टोकन दिवसभर लावून ठेवण्याची सवय कर सल्लागारांच्या कार्यालयांत सर्रास दिसते. कळफलकावर टिपलेला पिन ज्याच्या हाती आहे, त्याला अशा संगणकावरून परस्पर सही करता येऊ शकते.

दुसरी चूक म्हणजे स्कॅनमध्ये काही सापडले नाही म्हणून निश्चिंत होणे. विंडोज सिक्युरिटीमध्ये एक्सक्लूजन नावाची यादी असते, आणि त्या यादीतील फोल्डर डिफेंडर हा विंडोजचा स्वतःचा अँटिव्हायरस तपासतच नाही. क्रॅक बसवताना प्रशासकीय परवानगी आपण दिलेली असते, त्या परवानगीच्या बळावर संपूर्ण सी ड्राइव्हसुद्धा या यादीत घालता येतो. म्हणून आधी ही यादी रिकामी करावी आणि मगच डिफेंडरचे ऑफलाइन स्कॅन चालवावे. ते विंडोज सुरू होण्यापूर्वी चालत असल्याने बॅकडोअरला लपायला फारशी जागा उरत नाही. मायक्रोसॉफ्ट सेफ्टी स्कॅनर वापरायचा असेल तर तो दुसऱ्या, स्वच्छ संगणकावर ताजा उतरवून घ्यावा, कारण उतरवल्यापासून दहा दिवसांनी तो निकामी होतो.

टास्क मॅनेजरमध्ये संशयास्पद प्रोग्राम बंद करून त्याची फाइल पुसली की काम झाले, हा समजही चुकीचा आहे. टास्क शेड्युलर, सर्व्हिसेस, रजिस्ट्रीतील रन की या आपोआप प्रोग्राम सुरू करणाऱ्या जागांपैकी कोठेतरी त्याची नोंद असते आणि संगणक पुन्हा सुरू होताच तो परत हजर होतो. ऑटोरन्स हे मायक्रोसॉफ्टचेच मोफत साधन या सर्व जागा एकत्र दाखवते. त्यात मायक्रोसॉफ्टच्या नोंदी लपवल्या की तपासण्याजोगी यादी बरीच लहान होते. एसव्हीसीहोस्ट या विंडोजच्या स्वतःच्या प्रोग्रामच्या नावाचा प्रोग्राम सिस्टम32 ऐवजी ॲपडेटा फोल्डरमधून चालताना दिसला तर तो खरा नव्हे. याशिवाय वापरकर्त्यांच्या यादीत अनोळखी खाते आहे का, आणि एनीडेस्कसारखे दूरनियंत्रणाचे सॉफ्टवेअर कायम पासवर्ड लावून कोणी ठेवले आहे का, हेही पाहावे. असे सॉफ्टवेअर वैध असल्यामुळे अँटिव्हायरस त्याबद्दल बहुधा ब्रही काढत नाही.

पतसंस्थेची खाती, ग्राहकांचे आधार किंवा उतारे ज्या संगणकावर हाताळले जातात, त्याची डागडुजी करत बसू नये. विंडोज नव्याने बसवावे, हे माझे स्पष्ट मत आहे. येथेही आपल्याकडे एक ठरलेली चूक होते. सी ड्राइव्ह फॉरमॅट होतो, पण डी ड्राइव्हमधील ‘सॉफ्टवेअर’ नावाचा फोल्डर तसाच राहतो, आणि नवे विंडोज बसताच त्याच फोल्डरमधील तोच क्रॅक पुन्हा चालवला जातो. कागदपत्रे, छायाचित्रे आणि टॅलीचा डेटा तेवढा बाजूला काढून सर्व पार्टिशन पुसावीत, आणि सॉफ्टवेअर मूळ संकेतस्थळावरून नव्याने घ्यावे. ग्राहकांचे पेनड्राइव्ह घेताना त्यातील फोल्डरवर शॉर्टकटचा बाण दिसला तर त्यावर क्लिक करू नये.

पासवर्ड बाधित संगणकावर बसून बदलले, तर नवे पासवर्डही त्याच माणसाकडे जातात. ते दुसऱ्या उपकरणावरून बदलावेत: आधी ईमेल, मग बँक, मग बाकीचे. सर्व उपकरणांवरून साइन आउट करण्यास विसरू नये, कारण ब्राउझरमधील चोरलेल्या कुकीच्या (साइन इन झाल्याची खूण ठेवणाऱ्या नोंदीच्या) आधारे पासवर्डशिवायही खात्यात शिरता येते.

खात्यातून पैसे गेले असतील तर मात्र हा क्रम बदलतो. प्रथम 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करावा आणि बँकेला कळवावे, त्यानंतर राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर किंवा बेळगावच्या सीईएन (सायबर, आर्थिक व अमली पदार्थ गुन्हे) पोलीस ठाण्यात तक्रार द्यावी, आणि पोलिसांना विचारल्याशिवाय हार्ड डिस्क पुसू नये. दुकान चालू ठेवणे भागच असेल तर ती डिस्क काढून ठेवून नव्या डिस्कवर विंडोज बसवता येते.