पिकअपला इलेक्ट्रिक रेडिएटर फॅन बसवताना

पट्ट्यावर फिरणारा फॅन काढून पिकअपला इलेक्ट्रिक फॅन बसवणं हे एका दिवसाचं काम आहे. पण नंतर गाडी तापू लागली तर दोष नव्या फॅनचा क्वचितच निघतो. वायर बारीक वापरलेली असते, रेडिएटरचा अर्धा भाग उघडाच राहिलेला असतो, नाहीतर स्विच चुकीच्या तापमानाचा घेतलेला असतो. फॅन कुठला घ्यायचा यावर जेवढी डोकेफोड होते, तेवढी या तीन गोष्टींवर व्हायला हवी.

आधी गाडी कधी तापते ते बघा

गर्दीत उभी असताना काटा वर चढतो आणि वेग घेतला की खाली येतो, असं असेल तर रेडिएटरला हवा कमी पडते आहे. तिथे चांगला इलेक्ट्रिक फॅन नक्की उपयोगी पडतो. मोकळ्या रस्त्यावर वेगात असताना काटा चढत असेल तर मात्र हवा समोरून भरपूर येतेच आहे. मग दोष दुसरीकडे शोधा: आतून चोंदलेला रेडिएटर, अर्धवट उघडणारा थर्मोस्टॅट (ठरलेल्या तापमानाला रेडिएटरकडे पाणी सोडणारी झडप), झिजलेला वॉटर पंप, दाब न धरणारी कॅप, फार तर हेड गॅस्केट. यातलं काहीही फॅन बदलून सुटत नाही.

डिझेल वाचेल ही आशाही बेताचीच ठेवा. जुना फॅन पुलीला थेट जोडलेला असेल तर फरक जाणवतो, कारण फॅन फिरवायला लागणारी ताकद आरपीएमच्या घनाच्या प्रमाणात वाढते: आरपीएम दुप्पट, ताकद आठपट. पण मध्ये व्हिस्कस क्लच (गरम झाल्यावरच फॅनला पूर्ण पकडणारा, सिलिकॉन तेलाचा जोड) असेल तर इंजिन थंड असताना तो आधीच बऱ्यापैकी घसरत असतो. तिथे बचत थोडीच होते. खरा फायदा वेगळा आहे. इंजिन आयडलला (ॲक्सिलरेटर न दाबता, सर्वांत कमी आरपीएमला) असतानाही फॅन पूर्ण वेगाने फिरतो, थंड इंजिन लवकर गरम होतं आणि आवाज कमी होतो.

जड ट्रेलर ओढत लांब चढावर कमी वेगाने जाणं हेच गाडीचं रोजचं काम असेल तर जुना फॅन राहू द्या. पूर्ण पकडलेल्या व्हिस्कस क्लचचा मोठा फॅन जेवढी हवा ओढतो, तेवढी बाजारातले बहुतेक इलेक्ट्रिक फॅन ओढत नाहीत. आणि क्लचला वायर जोडलेली दिसली तर तो ईसीयूच्या (इंजिनाच्या संगणकाच्या) ताब्यातला आहे. तो काढला की डॅशबोर्डवर इंजिनाचा दिवा लागू शकतो.

मोजमाप आणि निवड

तीन मापं घ्या: रेडिएटरच्या जाळीची रुंदी, उंची आणि जाळीपासून वॉटर पंपाच्या सगळ्यांत पुढे आलेल्या भागापर्यंतचं अंतर. फॅनची जाडी साधारण ६० ते १०० मिमी असते. मोटर आणि पुली यांच्यात किमान २५ मिमी मोकळे सोडा. रेडिएटर चासीला धरलेला असतो, इंजिन मात्र माउंटच्या रबरावर हलतं आणि जोरात ब्रेक मारला की पुढे सरकतं. उभ्या गाडीत १० मिमीची फट पुरेशी दिसते, पण पहिल्याच जोरदार ब्रेकला मोटरचा मागचा भाग पुलीला घासतो.

फॅन शक्यतो इंजिनाच्या बाजूने बसणारा, हवा ओढणारा घ्या. रेडिएटरच्या पुढे बसवून हवा ढकलणारा फॅन वेगात असताना समोरून येणाऱ्या हवेलाच आडवा येतो. मागे जागाच नसेल तरच तो पर्याय.

१६ इंची एक किंवा ११-१२ इंची दोन, हे प्रश्न जागेवर ठरतात. रुंद जाळीला दोन बरे, कारण एक बंद पडला तरी दुसऱ्यावर घरी येता येतं. खोक्यावरच्या सीएफएमच्या (मिनिटाला किती घनफूट हवा, त्या) आकड्यावर फार जाऊ नका. तो आकडा बहुधा रेडिएटर न लावता, मोकळ्या हवेत मोजलेला असतो. मोटर किती अँपिअर घेते ते बघा. हवा हलवायला ताकद लागतेच, त्यामुळे १० अँपिअर घेणारा १६ इंची फॅन पिकअपच्या कामाचा नाही. २५ ते ३० अँपिअर घेणारा हवा.

३० अँपिअर म्हणजे १३.५ व्होल्टला जवळपास ४०० वॉट. अल्टरनेटरवर लिहिलेला आकडा वरच्या आरपीएमचा असतो, आयडलला तो त्याच्या बराच खाली देतो. म्हणून खरेदीआधीच तपासा: इंजिन आयडलला, हेडलाइट, ब्लोअर, एसी सगळं चालू, आणि बॅटरीवर मल्टिमीटर. तेव्हाच व्होल्टेज १३ च्या आसपास लोळत असेल तर आधी अल्टरनेटर मोठा करा.

श्राउड टाळू नका

१६ इंची फॅन म्हणजे ४०६ मिमी व्यास. ६०० गुणिले ४५० मिमीच्या जाळीचा त्याने निम्म्याहून थोडा कमीच भाग झाकला जातो. श्राउड, म्हणजे फॅनभोवती पूर्ण जाळी झाकणारं पत्र्याचं कव्हर, नसेल तर उरलेल्या अर्ध्या भागातून उभ्या गाडीत हवा जवळजवळ जातच नाही, आणि तेवढ्या जाळीचा रेडिएटर असून नसल्यासारखा होतो.

१.५ ते २ मिमी जाडीच्या ॲल्युमिनियमच्या पत्र्याची, चारही कडा वळवलेली पेटी करा. ती पूर्ण जाळी झाकेल एवढी हवी आणि तिची खोली निदान ३० मिमी, जागा असेल तर ५० मिमी ठेवा, म्हणजे कोपऱ्यातली हवाही फॅनपर्यंत पोहोचते. पत्रा जाळीला जितका चिकटलेला, तितका त्याचा उपयोग कमी. कडांना फोमची पट्टी लावा, नाहीतर फॅन रेडिएटरमधून हवा ओढण्याऐवजी फटीतून इंजिनाचीच गरम हवा ओढत बसेल. पुढे एसीचा कंडेन्सर असेल तर तो आणि रेडिएटर यांच्यातल्या फटीही वरून, बाजूंनी बंद करा. तिथली मूळ पट्टी जुन्या गाड्यांत बहुतेक गळून पडलेली असते.

वेगात असताना हाच पत्रा समोरच्या हवेला अडवतो. त्यासाठी श्राउडच्या कोपऱ्यांत दोन-चार खिडक्या कापून त्यांवर मागच्या बाजूने रबराचे पडदे लावा, फक्त वरच्या कडेला धरलेले. फॅन ओढत असताना ते चिकटून बंद राहतात, हवेचा दाब आला की इंजिनाकडे उघडतात.

एखाद्या कारचा श्राउडसकट मूळ फॅन मापात बसत असेल तर तोच घ्या. सुट्या फॅनपेक्षा तो बहुतेक वेळा उजवा ठरतो.

फॅनबरोबर जाळीतून आरपार घालायच्या प्लॅस्टिकच्या काड्या येतात. त्या फेकून द्या. गाडीच्या थरथरीने त्या नळ्यांवर घासतात आणि काही महिन्यांनी कूलंट गळू लागतं. श्राउड रेडिएटरच्या बाजूच्या पट्ट्यांना किंवा चौकटीला बोल्टने धरा.

जुना फॅन उतरवणं

इंजिन पूर्ण थंड होऊ द्या आणि बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. पट्टा ताणलेला असतानाच फॅनचे नट सैल करा, म्हणजे पुली फिरत नाही. चार छोट्या नटांऐवजी वॉटर पंपाच्या शाफ्टवर एकच मोठा नट असेल तर आटे उलटे आहेत की सुलटे ते त्या इंजिनाच्या मॅन्युअलमध्ये बघूनच जोर लावा. फॅन आणि जुनं कव्हर बहुधा एकत्रच वर येतात. मध्ये पुठ्ठा सरकवला तर जाळीला पातं लागत नाही. काढलेला व्हिस्कस क्लच आडवा टाकू नका, गाडीत असतो तसा उभा ठेवा. आतलं सिलिकॉन तेल झिरपलं तर तो पुन्हा कामाला येत नाही.

इथे एक गोष्ट हमखास सुटते. बऱ्याच इंजिनांत फॅनचेच बोल्ट पुलीलाही धरतात. फॅन गेला की तेच लांब बोल्ट परत लावले तर ते पुली आवळायच्या आधीच टेकतात, किंवा पार जाऊन पंपाला घासतात. फॅनच्या फ्लँजची जेवढी जाडी कमी झाली, तेवढे आखूड बोल्ट लावा. पट्टा घालण्याआधी पुली हाताने एक पूर्ण फेरा फिरवून बघा.

स्विचचं तापमान

समजा थर्मोस्टॅट ८२ अंशांचा आहे. तो ८२ ला उघडायला लागतो. पूर्ण उघडायला आणखी १० ते १५ अंश लागतात. ८० ला चालू होणारा स्विच लावला तर फॅन बंद होणारच नाही, कारण थर्मोस्टॅट पाण्याला त्याच्या खाली जाऊच देत नाही. ‘गाडी जास्त थंड राहील’ या समजुतीतून केलेली ही सर्वांत नेहमीची चूक. फॅन अखंड फिरतो, मोटरचे ब्रश झिजतात, आणि इंजिनाचं तापमान जिथे होतं तिथेच.

सेन्सर थर्मोस्टॅटच्या घराजवळ, म्हणजे इंजिनातून गरम पाणी निघतं तिथे असेल, तर ९५ ला चालू आणि ८८ ते ९० ला बंद हे माप ८२ च्या थर्मोस्टॅटला जमतं. रेडिएटरच्या थंड बाजूच्या टाकीत असेल तर तिथलं पाणी आधीच निवलेलं असतं, म्हणून ५ ते १० अंश कमी धरा. चालू आणि बंद यांत किमान ५ अंशांचं अंतर हवं, नाहीतर रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) सतत टकटकत राहतो.

जाळीत खुपसायचा सेन्सर घेऊ नका. तो पाण्याचं तापमान मोजत नाही, जाळीतल्या पातळ पत्र्यांचं मोजतो, आणि खड्ड्यांतून गाडी गेली की सरकतो. आट्यांचा, पाण्यात बुडणारा सेन्सर घ्या. एकच पिन असलेला सेन्सर स्वतःच्या धातूतूनच अर्थ (निगेटिव्ह जोड) घेतो. त्याच्या आट्यांना टेफलॉन टेप गुंडाळून बसवला की कधी कधी अर्थच तुटतो आणि फॅन लागत नाही. अशा वेळी दोन पिनांचा सेन्सर सोयीचा.

वायरिंग

३० अँपिअरच्या फॅनला बॅटरीपासून जायची-यायची मिळून ६ मीटर वायर लागते असं धरा. २.५ चौरस मिमीच्या तांब्याच्या वायरीत सव्वा व्होल्ट वायरीतच संपतो, ४ मध्ये पाऊण व्होल्ट, ६ मध्ये अर्धा. म्हणून ६ चौरस मिमी. अंतर वाढलं तर १०.

मुख्य रिले ७० अँपिअरचा घ्या. ४० चा चालतो, पण फॅन सुरू होताना क्षणभर दुप्पट-तिप्पट करंट ओढतो आणि इंजिनाच्या उष्णतेत छोट्या रिलेचे संपर्क लवकर जळतात. जोडणी अशी (पिनांचे आकडे रिलेवरच लिहिलेले असतात):

- पिन ३०: बॅटरीच्या पॉझिटिव्हवरून, ४० अँपिअरच्या मोठ्या फ्यूजमधून. फ्यूज बॅटरीपासून १५-२० सेंमीच्या आत.
- पिन ८७: फॅनची पॉझिटिव्ह.
- पिन ८६: इग्निशन चालू असताना येणारा करंट, ५ अँपिअरच्या फ्यूजमधून. स्टार्टर मारताना बंद पडणारी वायर मिळाली तर उत्तम.
- पिन ८५: तापमानाच्या स्विचमधून अर्थला.

दोन फॅन असतील तर प्रत्येकाला वेगळा रिले, वेगळा फ्यूज, आणि दुसरा ४-५ अंश उशिरा लागणारा.

एसी असेल तर कंप्रेसर चालू होताच फॅन लागलाच पाहिजे, पाणी थंड असलं तरी. नाहीतर उभ्या गाडीत गॅसचा दाब चढतो आणि कंप्रेसर कट होतो. त्यासाठी एक छोटा रिले जोडा: त्याची कॉइल (८६ आणि ८५) कंप्रेसर क्लचच्या वायरीवर आणि अर्थवर, त्याचा ३० अर्थला, त्याचा ८७ मुख्य रिलेच्या ८५ ला. त्याच ८५ वरून एक वायर केबिनमधल्या स्विचला नेऊन अर्थ केली तर फॅन हाताने चालू करता येतो. ८६ च्या वायरीत दुसरा स्विच टाकला तर पाण्यातून गाडी घालताना तो बंद करता येतो. फिरतं पातं पाण्यात गेलं तर वाकून जाळीला भिडू शकतं.

आत डायोड असलेला रिले असेल तर ८५ आणि ८६ उलटे जोडू नका, फ्यूज उडेल. फॅनचा अर्थ रेडिएटरच्या पट्टीला देऊ नका. कूलंटमधून करंट वाहू लागला की ॲल्युमिनियमची जाळी आतून खाल्ली जाते. रंग खरवडलेल्या चासीवर किंवा थेट बॅटरीच्या निगेटिव्हवर द्या. लग (वायरीच्या टोकाची धातूची कडी) क्रिंपच्या पकडीने दाबा, त्यावर हीट श्रिंक (गरम केल्यावर आवळणारी नळी) चढवा. पत्र्याच्या भोकातून वायर गेली तर ग्रोमेट (रबराची कडी) लावा.

चालू करून बघताना

पहिल्यांदा स्विच जोडायच्या आधी ८५ अर्थला टेकवून फॅन फिरवा आणि रेडिएटरच्या जाळीसमोर, गाडीच्या पुढून, कागद धरा. कागद जाळीला चिकटला पाहिजे. दूर उडाला तर मोटरच्या वायरी उलट्या आहेत. उलटा फिरणारा फॅनही आवाज तेवढाच करतो, त्यामुळे कानाला फसू नका.

कूलंट काढलं असेल तर भरून, हीटर गरमवर ठेवून हवा काढा. मग आयडलला गाडी गरम होऊ द्या. फॅन लागला, काटा थोडा उतरला, फॅन थांबला, हे चक्र दोन-तीनदा दिसलं पाहिजे. फॅन फिरत असताना मोटरच्या कनेक्टरवर व्होल्टेज मोजा आणि बॅटरीवरचं त्याच्याशी ताडून बघा. अर्ध्या व्होल्टपेक्षा बराच जास्त फरक असेल तर वायर, लग किंवा अर्थ यांपैकी एक कच्चं आहे. वीस मिनिटांनी फ्यूज होल्डर आणि रिलेला हात लावा. कोमट ठीक; हात ठेववत नसेल तर तिथला जोड सैल आहे आणि प्लॅस्टिक वितळायची वाट बघू नका.

शेवटी एसी लावून, दुपारच्या उन्हात, उभ्या गाडीत अर्धा तास. काटा इथे स्थिर राहिला तर बाकी रस्त्यावर काळजी नाही. चढत राहिला तर मोठा फॅन आणायच्या आधी श्राउडच्या कडेने कागदाची पट्टी फिरवा. जिथे पट्टी फटीत ओढली जाते, तिथून हवा चोरीला जाते आहे.

पाचशे किलोमीटरनंतर श्राउडचे बोल्ट आणि बॅटरीवरचा लग एकदा आवळा. काढलेला फॅन, क्लच आणि लांब बोल्ट एकाच पिशवीत बांधून ठेवा. मोटर अचानक गेली तर जुनं सामान एका तासात परत चढतं.