घरापुढे शमी लावताय? रोप आधी नीट ओळखा

माण, आटपाडी, सांगोला, जत या पट्ट्यात घराच्या आवारात सावली हवी, पण उन्हाळ्यात झाडाला घालायला टँकरचं पाणी नाही. अशांनी यंदाच्या पावसात शमी लावावी. आपल्याकडे हिला सौंदड म्हणतात, राजस्थानात खेजडी. थारच्या वाळवंटात हिचं सोटमूळ 20 मीटरहूनही खोल जातं, म्हणून वैशाखातही झाड हिरवं राहतं.

घोळ होतो तो रोप घेताना. शमी म्हणून बऱ्याच ठिकाणी भलतंच रोप हातात पडतं. पान हातात घेऊन बघा. खऱ्या शमीच्या पानाला उपदांड्यांच्या (मधल्या देठातून दोन्ही बाजूंना फुटणाऱ्या, पर्णिका म्हणजे छोटी पानं धरणाऱ्या दांड्यांच्या) दोनच जोड्या असतात, फार तर तीन. आठ-दहा जोड्या आणि अगदी बारीक पर्णिका दिसल्या, तर ती सिगमकाठी. तिला पुढे गुलाबी-पिवळी दुरंगी फुलं येतात. मग काटे बघा. शमीचे काटे आखूड, बुडाशी रुंद आणि फांदीवर कुठेही विखुरलेले असतात. पानाच्या बगलेत लांब, सरळ काट्यांची जोडी असेल तर ती वेडी बाभूळ. ती फुकट मिळाली तरी आवारात आणू नका, शेजाऱ्याच्या शेतातही पसरते.

पिशवीत वर्षानुवर्षं राहिलेलं उंच रोप घेऊ नका. त्याचं सोटमूळ तळाशी गुंडाळलेलं असतं आणि ते खोल जाणं अवघड. सहा महिने ते वर्षाचं, वीतभर-हातभर रोप चांगलं. घरी बी लावायचं तर चोवीस तास पाण्यात भिजवून थेट जागेवरच टोका.

जुलैत चांगली ओल झाल्यावर दीड फुटाचा खड्डा घ्या. मुरमाड जमीन चालते, पाणी साचणारी काळी जमीन नको. पहिले दोन उन्हाळे दहा-पंधरा दिवसांनी एकदाच, पण भरपूर पाणी द्या. रोज तांब्याभर ओतलंत तर मुळं वरच घुटमळतात. याच कारणाने लॉनच्या मधोमधही लावू नका. पहिली दोन-तीन वर्षं वर वाढ दिसणार नाही, कारण झाड आधी खाली वाढतं. म्हणून युरिया टाकू नका. शेंगवर्गीय झाड आहे, नत्राची सोय ते स्वतः करतं. शेळ्यांपासून मात्र काटेरी कुंपण हवंच.

छाटणी थंडीत करा, आणि तीही खालच्या फांद्यांची. दसऱ्याला पूजेसाठी कोवळा शेंडा मोडू देऊ नका, बाजूची डहाळी पुरते.