जुना वुड लेथ घेताना: गंज चालेल, स्पिंडल बघा

वुड लेथ म्हणजे लाकूड गरगर फिरवून त्याला हत्याराने गोल आकार देणारं यंत्र. धुळीने माखलेला, बेडवर (खालच्या लांब पायावर) गंज चढलेला, पट्टा तुटलेला लेथ दिसला की लोक काढता पाय घेतात. शेजारी ताजा रंग मारलेला, चकाचक लेथ असेल तर तिथे लगेच पाकीट बाहेर येतं. माझा हिशेब उलटा आहे. पट्टा, स्विच, बेअरिंग, मोटर आणि वरवरचा गंज हे सगळं घरच्या घरी बदलता किंवा काढता येतं. स्पिंडल (लाकूड फिरवणारा मुख्य दांडा), त्यावरचे आटे, आतला मोर्स टेपर (सेंटर बसवायचं निमुळतं भोक) आणि बेड व हेडस्टॉक (स्पिंडल धरणारा भाग) यांचं ओतीव लोखंड मात्र जसं आहे तसंच तुमच्या गळ्यात पडतं. म्हणून बदलता येणाऱ्या गोष्टींवरून भाव पाडायचा आणि न बदलणाऱ्या गोष्टींवरून घ्यायचं की नाही ते ठरवायचं. ताज्या रंगाबद्दल तर मला जरा संशयच येतो. ओतीव लोखंडातली तडा किंवा वेल्डिंग झाकायला रंगासारखं स्वस्त साधन नाही.

आधी काय करणार ते ठरवा. पेन, भोवरे, छोट्या मुठी करायच्या असतील तर टेबलावरचा छोटा लेथ पुरतो. खुर्ची-टेबलाचे पाय करायचे तर दोन सेंटरमधलं (लाकूड दोन्हीकडून धरणाऱ्या टोकांमधलं) अंतर बघा. वाडगे करायचे तर स्विंग बघा. स्पिंडलच्या मध्यापासून बेडपर्यंतचं अंतर दुप्पट केलं की स्विंग मिळतो, म्हणजे बेडला न घासता फिरू शकेल असा सर्वांत मोठा व्यास. पण टूल रेस्ट (हत्यार टेकवायचा आधार) ज्यावर बसतो त्या बॅन्जोच्या वरून हा आकडा कमी होतो, हे जाहिरातीत कोणी लिहीत नाही. काही कंपन्यांच्या मॉडेल नंबरातच माप असतं. जेट १२३६ म्हणजे स्विंग १२ इंच आणि सेंटरमधलं अंतर ३६ इंच. १०१४ आणि १६४२ हेही तसेच वाचायचे. पॉवरमॅटिक ३५२० मात्र उलटा वाचायचा: अंतर ३५, स्विंग २०. फोटो धूसर असला तरी नंबर कळला की निम्मी माहिती घरबसल्या मिळते.

आता ज्या आकड्याकडे नवखा माणूस हमखास दुर्लक्ष करतो तो: सर्वांत कमी वेग. जाहिरातीत ‘३००० आरपीएमपर्यंत’ (म्हणजे मिनिटाला ३००० फेऱ्या) असं ठळक लिहितात. तुम्ही विचारायचं ते दुसरं टोक. पायऱ्यांच्या पुल्या असलेल्या बऱ्याच जुन्या लेथवर सर्वांत हळू वेगच ७००-८०० असतो. पायांसाठी ठीक, वाडग्यांसाठी वाईट. ३०० मिलिमीटरचा ठोकळा ८०० आरपीएमवर फिरला तर त्याची कड ताशी सुमारे ४५ किलोमीटरने तुमच्या समोरून जाते. तो ठोकळा अजून गोलही झालेला नसतो, एक बाजू जड असते आणि कदाचित आत चीरही असते. टर्निंगवाल्यांचा जुना ठोकताळा असा: इंचातला व्यास गुणिले आरपीएम हे ६००० ते ९००० च्या दरम्यान ठेवायचं. म्हणजे १२ इंचाला ५०० ते ७५०, आणि तेही ठोकळा गोल झाल्यावर. ओबडधोबड असताना त्याहून बराच खाली. त्यामुळे मोठे वाडगे मनात असतील तर २००-३०० पर्यंत उतरणारा लेथच बघा, नाहीतर मोटर बदलण्याचा खर्च आधीच धरून चाला.

वेग बदलायची पद्धतही विचारा. पायऱ्यांच्या पुल्या कंटाळवाण्या, पण बिघडायला त्यात काही नाही. दुसरा प्रकार रीव्हज ड्राइव्ह: दोन पुल्यांच्या तबकड्या जवळ-लांब होतात आणि पट्टा वर-खाली सरकतो. वापरायला मजा येते, पण झिजला की खडखडतो. त्याचा वेग मशीन चालू असतानाच बदलायचा असतो. बंद असताना दांडा ओढणारा मालक होऊन गेला असेल तर तिथे नुकसान शोधा. तिसरा प्रकार इलेक्ट्रॉनिक. यात डीसी मोटर आणि कंट्रोल कार्ड असेल तर त्या मॉडेलचं कार्ड अजून मिळतं का ते जायच्या आधीच तपासा. कार्ड मिळत नसेल तर उत्तम लेथही एक दिवस शोभेची वस्तू होतो.

कारखान्यातून किंवा शाळेच्या वर्कशॉपमधून निघालेल्या लेथला बहुधा थ्री-फेज मोटर असते आणि घरी थ्री-फेज नाही म्हणून गिऱ्हाईक परत फिरतं. तिथेच तुमची संधी आहे. व्हीएफडी (विजेची वारंवारता बदलणारं उपकरण) लावला की सिंगल-फेजवर थ्री-फेज मोटर चालते, वर वेग हवा तसा कमी-जास्त करता येतो. फक्त मोटरची पाटी वाचा. घरात २३० व्होल्ट असेल आणि पाटीवर २३०/४०० लिहिलं असेल तर डेल्टा जोडणी करून काम होतं. ४००/६९० लिहिलं असेल तर ती मोटर तशी चालणार नाही, दुसरीचा खर्च धरा. जोडणी कळत नसेल तर जाणत्या इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या.

बघायला जाण्याआधी मालकाला एकच विनंती करा: मी येईपर्यंत मशीन चालू करू नका. बेअरिंगची कुरकुर आणि मोटरची अडखळ थंड असतानाच नीट कळते. माझ्या पिशवीत टॉर्च, मार्कर, चिंधी, सरळ पट्टी, चांगल्या अवस्थेतलं २ नंबरच्या मोर्स टेपरचं स्पर सेंटर (लाकडात रुतणाऱ्या दातांचं), टोकदार लाइव्ह सेंटर (लाकडाबरोबर फिरणारं) आणि हातभर लांबीचा गोल करून ठेवलेला लाकडी तुकडा असतो. डायल गेज असेल तर न्या, नसेल तरी अडत नाही.

प्लग काढा, पट्टा उतरवा आणि स्पिंडल हाताने सावकाश फिरवा. डोळे मिटले तरी चालतील, इथे बोटांनाच जास्त कळतं. वाळूचे कण अडकल्यासारखं खरखरलं तर बेअरिंग गेलं आहे. मग त्या गोल तुकड्याचं टोक चकमध्ये (लाकूड धरणाऱ्या जबड्यांमध्ये) धरा किंवा फेसप्लेटची (स्पिंडलवर चढणाऱ्या सपाट तबकडीची) कड पकडा आणि वर-खाली, पुढे-मागे हलवून बघा. ‘टक’ असा आवाज किंवा खेळ जाणवला तर तेही बेअरिंगच. एवढ्यावरून सौदा मोडू नका. बहुतेक लेथमध्ये बाजारात सहज मिळणारे सीलबंद बॉल बेअरिंग असतात. अर्थात ते बाहेर काढणं ही अर्ध्या दिवसाची कटकट आहे, ती भावात दाखवा. स्पिंडल वाकलं असेल तर मात्र नमस्कार करून निघायचं. ते असं ओळखा: टूल रेस्टवर पेन्सिल घट्ट टेकवून तिचं टोक स्पिंडलच्या आट्यांमागच्या गुळगुळीत भागापासून केसभर लांब ठेवा, मागून टॉर्च धरा आणि स्पिंडल फिरवा. फट प्रत्येक फेरीत त्याच जागी कमी-जास्त होत असेल तर स्पिंडल वाकलंय. फट कधी इथे, कधी तिथे बदलत असेल तर दोष बेअरिंगचा.

मग टेपर. बहुतेक मध्यम लेथवर २ नंबरचा मोर्स टेपर असतो, छोट्यांवर १ नंबरचा. स्पिंडलचं भोक चिंधीने पुसा, आत टॉर्च मारा, बोट फिरवा. एखादं सेंटर आतल्या आत घसरून फिरलं असेल तर गोल चरे आणि उठलेल्या कडा हाताला लागतात. आता स्वतःच्या सेंटरवर मार्करने लांबीला तीन-चार रेघा ओढा, ते आत दाबा, थोडं पिळा आणि बाहेर काढा. रेघा पूर्ण लांबीभर सारख्या पुसल्या गेल्या तर टेपर चांगला आहे. एकाच टोकाला पुसल्या तर तिथेच तेवढी पकड आहे. उठलेल्या कडा टेपर रीमरने हलक्या हाताने साफ करता येतात. खोलवर खाल्लेला टेपर नीट होत नाही. हीच परीक्षा टेलस्टॉकचीही (बेडवर सरकणारा, समोरून आधार देणारा भाग) घ्या.

आटे मोजल्याशिवाय पैसे देऊ नका. १ इंच व्यास आणि इंचाला ८ आटे, १¼ इंच आणि ८ आटे, एम३३ × ३.५, छोट्या यंत्रांवर ¾ इंच आणि १६ आटे: यांपैकी काही असेल तर चक आणि फेसप्लेट मिळायला अडचण नाही. भलतंच काही निघालं तर अ‍ॅडॉप्टर लावावा लागेल, आणि अ‍ॅडॉप्टरने वजन बेअरिंगपासून आणखी पुढे जातं, थरथर वाढते. शक्य असेल तर ओळखीच्या कोणाचा त्या मापाचा चक नेऊन हाताने चढवून बघा. तो गुळगुळीत चढून मागच्या खांद्यावर सपाट टेकला पाहिजे.

टेलस्टॉक पुढे आणून दोन्ही सेंटरची टोकं एकमेकांना भिडवा. टोकाला टोक लागलं तर छान. थोडा फरक दिसला तर लगेच तोंड वाकडं करू नका. लेथ उंचसखल जमिनीवर बोल्टने आवळला असेल तर बेडला पीळ बसतो. पायांचे बोल्ट सैल करून पुन्हा बघा, कित्येकदा फरक जातो. हेडस्टॉक फिरवता येणारा असेल तर त्याची खूणपिन जागेवर बसली आहे ना, तेही बघा. एवढं करूनही टोकं जुळत नसतील तर ड्रिलिंगचं काम त्या लेथवर कायम त्रास देईल. क्विल (टेलस्टॉकमधून पुढे येणारा दांडा) पूर्ण बाहेर काढून आवळा आणि हलवून बघा. बेडवर पट्टी ठेवून हेडस्टॉकजवळचा भाग तपासा, झीज तिथेच जास्त असते. बेड दोन पोकळ नळ्यांचा किंवा पत्रा वाकवून केलेला असेल तर मी तरी फुकट दिला तरी घेणार नाही. थरथर कमी करतं ते वजन, आणि वजन म्हणजे ओतीव लोखंड.

इंडेक्सिंगची पिनही (स्पिंडल ठरावीक कोनात अडकवणारी) बघा. चक सोडवताना तिच्या जोरावर स्पिंडल अडकवायची सवय अनेकांना असते, मग पिन वाकते आणि भोकं फाटतात. आणि स्विच कुठे आहे? फिरत्या लाकडाच्या रेषेतून हात न नेता तो दाबता आला पाहिजे.

आता चालवा. आधी सर्वांत हळू, मग पायरीपायरीने वर. मोकळं चालताना सगळेच लेथ गुणी बाळासारखे वागतात, म्हणून तुमचा लाकडी तुकडा लावून खरंच कापून बघा. मोटर दबते का, पट्टा घसरतो का, दहा मिनिटांनी हेडस्टॉक हात ठेवता येणार नाही इतका तापतो का? १२ इंची वाडग्यांसाठी १ अश्वशक्तीच्या आसपासची मोटर हवी. अर्ध्या अश्वशक्तीवर होतं, पण अगदी पातळ काप घेत बसावं लागतं.

सोबत काय मिळतंय त्यावर खरा भाव ठरतो. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला ही म्हण लेथला तंतोतंत लागू पडते. चार जबड्यांचा चक, लाइव्ह सेंटर, दोन लांबीचे टूल रेस्ट, फेसप्लेट, धार लावायला ग्राइंडर आणि जिग (हत्यार ठरावीक कोनात धरणारा साचा), तोंडावर फेस शील्ड: हे सगळं वेगळं घ्यायला गेलात तर छोट्या लेथच्या किमतीपेक्षा जास्त होऊ शकतं. बॅन्जोच गायब असेल तर ताबडतोब सावध व्हा, कारण बंद झालेल्या मॉडेलचा बॅन्जो शोधणं महाकठीण.

हत्यारांची पेटी मिळत असेल तर एकेकाची मागची कड ग्राइंडरला अलगद लावून ठिणग्या बघा. पांढऱ्या-पिवळ्या, फुटून चांदण्यांसारख्या पसरणाऱ्या ठिणग्या म्हणजे साधं कार्बन स्टील. मंद, लालसर-नारिंगी, कमी ठिणग्या म्हणजे हाय-स्पीड स्टील. पहिल्याची धार चांगली लागते पण ग्राइंडरवर निळं पडलं की पाणी (पोलादाचा कडकपणा) उतरतं. पेटीला भाव आहे तो दुसऱ्यामुळे. जुन्या कानशीपासून बनवलेली हत्यारं बाजूला काढा. कानस ठिसूळ असते, लाकडात अडकली की तुकडा तोंडावर येतो.

सौदा झाला की नेण्याचा विचार नीट करा. वर उल्लेख केलेल्या पॉवरमॅटिकसारखा लेथ ३०० किलोच्या घरात जातो आणि सगळं वजन वर असतं, त्यामुळे उभा न्यायला गेलात तर पहिल्याच वळणावर कलंडतो. टेलस्टॉक, बॅन्जो, मोटर आणि शक्य असेल तर हेडस्टॉकही सुटा करा. सोडताना प्रत्येक जोडणीचा फोटो घ्या, वायरींचा तर नक्कीच. उचलताना स्पिंडल किंवा हँडव्हील कधीही धरू नका. पट्टे बेडखालून घाला. घरी स्पिंडलची उंची साधारण तुमच्या कोपराएवढी येईल असा बसवा, पाय चारही बाजूंनी टेकलेत ना ते बघूनच बोल्ट आवळा, आणि आवळल्यावर दोन्ही सेंटरची टोकं पुन्हा एकदा भिडवून बघा.