रेंज नसलेल्या गावात चालणारं काजू-खरेदीचं ॲप

गोव्यातलं वाळपई मागे टाकून चोर्ला घाटाच्या दिशेने निघालं की रेंजचा भरवसा धरता येत नाही. काजूच्या हंगामात खरेदी केंद्रावर मात्र पोती घेऊन माणसं उभी असतात. अशा वेळी गोल फिरणारं चक्र दाखवणारं ॲप कोणी दुसऱ्यांदा उघडत नाही. म्हणून नियम एकच: 'जतन करा' दाबल्यावर ॲपने नेटवर्कच्या वाटेला जायचंच नाही. नोंद फोनमधल्या डेटाबेसात, पावती तिथल्या तिथे, सर्व्हरकडे पाठवणं मागाहून. पुढची मांडणी अँड्रॉइड, कोटलिन (प्रोग्रामिंग भाषा), रूम (फोनमधला डेटाबेस हाताळणारी लायब्ररी) आणि वर्कमॅनेजर (पडद्यामागची कामं चालवणारी लायब्ररी) धरून आहे.

नोंदीचं टेबल

वजन ग्रॅममध्ये आणि रक्कम पैशांत, दोन्ही पूर्णांक ठेवा. ३७.४ किलो म्हणजे ३७,४०० ग्रॅम. दर किलोला १५० रुपये धरला तर १५,००० पैसे. गुणून हजाराने भागलं की ५,६१,००० पैसे, म्हणजे ५,६१० रुपये. हेच फ्लोटमध्ये (दशांश संख्येत) केलं तर हंगामाअखेर हिशेब पै-पैशाने चुकतो आणि चूक कुठली ते सापडत नाही. वेळ युटीसी (जागतिक प्रमाणवेळ) मिलिसेकंदांत साठवा. फोनचं घड्याळ चुकीचं असू शकतं, तेव्हा सर्व्हरवर पोचल्याची वेळ वेगळ्या कॉलमात घ्या.

पावती क्रमांक सर्व्हरकडून मागू नका, रेंज नसताना तो मिळणार कसा? प्रत्येक फोनला एक संकेत द्या आणि पुढे चढता क्रमांक: 'के२-०१४७'. ॲप काढून पुन्हा टाकलं की हा आकडा शून्यावर येतो, म्हणून लॉगिन करताना सर्व्हरवरचा शेवटचा क्रमांक मागवून घ्या.

एकदा जतन झालेली नोंद बदलू देऊ नका. चूक झाली तर उलट नोंद, मग नवी नोंद. जुन्या वहीत मुनीम हेच करत आले आहेत.

दोनदा पैसे जातात ते इथे

फोनने नोंद पाठवली, सर्व्हरने लिहून घेतली, पण उत्तर परत येताना रेंज गेली. फोनच्या लेखी नोंद गेलीच नाही. तो ती पुन्हा पाठवतो आणि एकाच पोत्याच्या दोन खरेद्या होतात. यावर उपाय युयुआयडी, म्हणजे दुसऱ्या कुठल्याच नोंदीशी न जुळणारा आयडी. तो फॉर्म उघडतानाच तयार करा, पाठवताना नव्हे. पाठवताना केलात तर प्रत्येक प्रयत्नाला नवा आयडी मिळतो आणि सगळी मेहनत वाया. फॉर्मबरोबर आयडी आला की घाईत दोनदा दाबलेलं बटणही आपोआप सांभाळलं जातं: रूममध्ये तोच प्रायमरी की (नोंदीची मुख्य ओळख) ठेवा आणि तीच नोंद पुन्हा आली तर 'इग्नोर' (दुर्लक्ष).

सर्व्हरवर त्या कॉलमाला युनिक बंधन (एक आयडी एकदाच) हवंच. तोच आयडी पुन्हा आला तर एरर देऊ नका, आधीची नोंद आणि यशस्वी उत्तर द्या. बरेच जण इथे ४०९ (आधीच्या नोंदीशी टक्कर) हा एरर पाठवतात आणि ती नोंद फोनच्या रांगेत कायमची अडकून बसते.

पाठवणी

नोंद जतन झाली की वर्कमॅनेजरला एकवेळचं, युनिक नावाचं काम द्या. अट 'नेटवर्क कनेक्टेड'. जोडीला नियतकालिक काम ठेवा, ते १५ मिनिटांपेक्षा कमी अंतराने लावता येत नाही. वर्करने रांग रिकामी होईपर्यंत नोंदी उचलत राहावं. टाइमआउट किंवा ५०० च्या घरातला (सर्व्हरच्या बाजूचा) एरर आला तर 'रिट्राय' (पुन्हा प्रयत्न). ४०० (पाठवलेली नोंदच चुकीची) आला तर ती एकच नोंद 'अडकली' म्हणून खूण करून पुढे जा, नाहीतर एका खराब नोंदीपायी मागच्या सगळ्या खोळंबतात.

पुनर्प्रयत्नाचं अंतर मुळात ३० सेकंदांपासून दुप्पट होत जातं. आठव्या अपयशानंतर पुढचा प्रयत्न तासाभराने, आणि कमाल मर्यादा पाच तास. त्यामुळे रेंज आली तरी ॲप गप्प बसलेलं दिसतं. युनिक कामाचं धोरण 'कीप' (जुनं काम तसंच ठेवा) असेल तर नवी नोंदही त्याच थांब्यात अडकते. 'रिप्लेस' (जुन्याच्या जागी नवं) ठेवा. चालू काम मधेच तुटेल, पण युयुआयडीची तजवीज असल्यामुळे बिघडत काही नाही. पडद्यावर 'न पाठवलेल्या नोंदी: ७' असा आकडा कायम दिसू द्या आणि शेजारी 'आता पाठवा' बटण.

पोत्याचा फोटो घेत असाल तर तो फाइलमध्ये ठेवा आणि टेबलात फक्त तिचा पत्ता. एका ओळीत दोन एमबीच्या आसपास डेटा झाला की वाचतानाच ॲप कोसळतं.

मराठी अंक आणि पावती

फोनची भाषा मराठी असली की कोटलिनचं फॉरमॅट फंक्शन देवनागरी अंक देतं. पडद्यावर ते छान दिसतात. पण तोच मजकूर सर्व्हरला गेला तर तिथला पार्सर (मजकुरातून आकडा वाचणारा भाग) '३७४००' नाकारू शकतो, आणि विकासकाच्या इंग्रजी फोनवर हा बग कधीच दिसत नाही. यंत्रासाठीच्या मजकुराला 'लोकेल.रूट' (कुठल्याही भाषेशी न बांधलेलं) द्या, माणसासाठीच्या मजकुराला फोनचं लोकेल, म्हणजे भाषेची निवड.

५८ मिमीच्या थर्मल प्रिंटरला सहसा देवनागरी येत नाही, नुसता मजकूर पाठवला तर प्रश्नचिन्हं छापली जातात. पावती ३८४ बिंदू रुंदीच्या चित्रावर काढा आणि चित्रच छापा. ओळीची उंची सढळ ठेवा, नाहीतर वेलांट्या आणि रफार कापले जातात. अँड्रॉइड १२ पासून ब्लूटूथ जोडणीची परवानगी चालू ॲपमध्ये मागावी लागते.

हंगामाआधी

प्ले स्टोअरवर नवं वैयक्तिक खातं असेल तर आधी किमान १२ परीक्षकांनी सलग १४ दिवस ॲपच्या बंद चाचणीत सामील राहावं लागतं, त्यानंतर प्रकाशनासाठी अर्ज. म्हणजे काम मार्चमध्ये सुरू करून भागणार नाही, जानेवारीतच परीक्षक गोळा करा.

चाचणी अशी: विमान मोडमध्ये वीस नोंदी करा, ॲप अलीकडच्या यादीतून सरकवून काढा, फोन बंद-चालू करा, मग रेंज द्या. पाठवणी निम्म्यावर आली की पुन्हा विमान मोड, आणि परत रेंज. सर्व्हरवर वीसच नोंदी हव्यात, एकोणीसही नको आणि एकवीसही नको.