बाळ अंगावर नीट धरत नाही? आधी या चुका टाळा

बाळ अंगावर धरत नाही म्हटलं की घरात पहिला संशय दुधावर जातो आणि दुसरा बाळावर. एकतर दूध कमी आहे, नाहीतर बाळ आळशी आहे. पहिल्या दोन-तीन दिवसांत यातलं काहीच खरं नसण्याची शक्यता जास्त असते, खरी गडबड असते ती बाळाला धरण्यात आणि आपल्या घाईत. मी बाळंतिणींना पाजायला मदत करण्याचं काम करते आणि त्याच त्याच चुका बघून आता इतकी वैतागलेय की एकदाचं लिहून टाकते. क्रम वगैरे लावलेला नाही, जिचा मला सगळ्यात जास्त राग येतो तिच्यापासून सुरुवात.

बाळाचं डोकं मागून दाबणं

हे सगळे करतात. आई करते, आजी करते, मदतीला आलेली मावशी करते, आणि सांगायला वाईट वाटतं पण ड्युटीवरच्या सिस्टरसुद्धा करतात. एका हातात छाती, दुसऱ्या हातात बाळाचं डोकं, आणि दोन्ही एकमेकांवर दाबायचं. आता डोक्याला मागून दाब आला की बाळ उलट मान मागे ताणतं, अंग कमानीसारखं करतं, हा नखरा नाहीये, त्याचं शरीर आपोआप तसं करतं. शिवाय दाबल्यामुळे हनुवटी त्याच्याच छातीकडे वाकते आणि नाक स्तनात रुततं. तुम्ही स्वतः हनुवटी छातीला टेकवून घोटभर पाणी पिऊन बघा बरं. आता मान जराशी वर करून प्या. फरक कळला ना? बाळाचंही तेच आहे.

आणि हे दोन-चारदा झालं की बाळ शिकतं, की छाती जवळ आली म्हणजे आता आपल्याला कोंबणार. मग ते छाती दिसल्याबरोबरच रडतं आणि सगळे म्हणतात बघा, याला आईचं दूधच नको.

एका सिझरच्या बाईकडे मला असंच बोलावलं होतं. दुसरी रात्र. खोलीत शिरले तर पलंगाभोवती तिघी, एकीने स्तन धरलाय, एकीने बाळाचं डोकं, तिसरीने बाळाचे हात कारण ते हाताने ढकलतंय म्हणे. बाळ दुपट्यात करकचून गुंडाळलेलं, रडून रडून लाल, मधेच उचकी. बाईच्या हाताला सलाईनची सुई, पोटावर टाके, आणि ती पुढे वाकून वाकून घामाघूम झालेली, काहीच बोलत नव्हती, नुसते डोळे वाहत होते. सासूबाईंनी निकाल देऊन टाकलेला, दूधच नाही तर धरणार कशाला. मी स्तन हलका दाबून बघितला तर चीक व्यवस्थित थेंब थेंब येत होता, घट्ट पिवळा.

मी आधी गर्दी बाहेर काढली (सासूबाई रागावल्या, रागावू देत). मग हाताने थोडा चीक चमच्यात काढला आणि बाळाला हळूहळू पाजला, कारण भुकेने बेभान झालेलं बाळ काहीही शिकत नसतं. पहिल्या दिवसात एका वेळी काही मिली चीकच पुरतो, वाटीभर लागत नाही. नंतर दुपटं सोडलं, अंगावर फक्त लंगोट ठेवला, बाईला उशा लावून मागे रेलवलं आणि बाळ तिच्या उघड्या छातीवर पालथं, टाक्यांवर भार येणार नाही असं थोडं आडवं ठेवलं, वरून पांघरूण. आणि तिला सांगितलं की आता पाजायचं नाही, नुसतं पडून राहा. तिला वाटलं मी चेष्टा करतेय.

बाळ झोपलं. पुष्कळ वेळाने चुळबुळ सुरू झाली, हात चाटणं, डोकं उचलून टपकन टाकणं, मग एका बाजूला सरकायला लागलं. बाईचा हात लगेच त्याच्या डोक्याकडे गेला, मी तो धरला आणि खाली पाठीवर ठेवला. दोन-तीनदा बाळ चुकलं, नाकच घासलं, चिडलं पण रडलं नाही. मग हनुवटी टेकली, तोंड मोठ्ठं उघडलं आणि धरलं. थोड्या वेळाने गिळण्याचा तो बारीक ‘क्ह क्ह’ आवाज. दारातून सासूबाई म्हणाल्या, मग मघाशी का नाही धरलं? मी उत्तर दिलं नाही.

तर हात कुठे ठेवायचा ते नीट वाचा. तळहात बाळाच्या खांद्यांच्या मधे पाठीवर, अंगठा आणि बोटं मानेच्या बुंध्याशी, कानांच्या खाली. डोक्याचा मागचा भाग मोकळा. बाळाचं पोट तुमच्या पोटाला चिकटलेलं, कान-खांदा-कंबर एका रेषेत, म्हणजे मान वळवून प्यायला लागू नये. सुरुवातीला निप्पल त्याच्या तोंडासमोर नाही तर नाकासमोर आणायचं. वरच्या ओठाला हलकंच लावायचं आणि थांबायचं. थांबायचं म्हणजे खरंच थांबायचं! बाळ आधी अर्धवट तोंड उघडतं, तेव्हा घाई करून आत सारलं की फक्त निप्पल तोंडात जातं आणि पुढचं सगळं बिघडतं. जांभई देताना उघडतं तेवढं तोंड उघडलं की पाठीवरच्या हाताने बाळाला पटकन जवळ घ्यायचं, हनुवटी आधी टेकली पाहिजे. बाळाला छातीकडे आणायचं, छाती बाळाकडे न्यायची नाही. वाकून पाजलंत तर पाठ तर जाईलच, वर बाळ निप्पलवर घसरत राहील.

जमलंय का ते असं ओळखा: निप्पलभोवतीचा गडद भाग वरच्या ओठाच्या वर जास्त दिसतो आणि खाली कमी, हनुवटी रुतलेली पण नाक मोकळं, खालचा ओठ बाहेर वळलेला, गाल भरलेले. गालाला खळ्या पडतायत किंवा टक्-टक् आवाज येतोय म्हणजे पकड उथळ आहे.

‘सुरुवातीला दुखतंच’ म्हणून सोसत बसणं

ही माझी दुसरी आवडती चीड. पहिल्या काही दिवसांत बाळाने धरल्याबरोबर काही सेकंद ओढ लागल्यासारखं वाटतं, ते ठीक. पण पूर्ण वेळ कळ येतेय, पायाची बोटं आवळून बसावं लागतंय, तर ते आईपण नाही, ती चुकीची पकड आहे. पाजून झाल्यावर निप्पल बघायची सवय लावा. जसं आत गेलं तसं गोल बाहेर यायला हवं. एका बाजूने चपटं, तिरकं किंवा टोकाला पांढरी रेघ घेऊन आलं तर बाळ ते टाळूवर चेपतंय. असं चेपून त्याला दूधही कमी मिळतं, मग ते तासन्‌तास लटकून राहतं, आणि पुन्हा घरात दूध कमी असल्याची चर्चा.

दुखतंय तर सोडवा आणि पुन्हा लावा. सोडवताना ओढायचं नाही, स्वच्छ करंगळी बाळाच्या तोंडाच्या कोपऱ्यातून हिरड्यांच्या मधे घाला, हवा आत गेली की पकड सुटते. पण एका बैठकीत हे दहादा करत बसू नका, बाळ वैतागतं. माझी सवय अशी की दोन-तीन प्रयत्न, नाही जमलं तर बाळाला उभं धरून शांत करायचं, चमच्याने थोडं पाजायचं, आणि नंतर पुन्हा. चिरा पडल्यावर लोक धावतात क्रीमकडे. लावा, थोडा आराम पडेल, पण पकड तीच राहिली तर क्रीम लावलेल्या चिरा राहतील इतकंच.

कालपर्यंत पीत होतं, आज घसरतंय

दूध उतरतं तेव्हा, साधारण दुसऱ्या ते पाचव्या दिवसात, स्तन इतके भरतात की टणक होतात आणि निप्पल सपाट पडतं. बाळाला धरायला काही हातीच लागत नाही. इथे लोक पंप जोरात लावतात, त्याने कधीकधी सूज पुढेच ओढली जाते आणि अजून कडक होतं. त्यापेक्षा पाजायच्या आधी निप्पलच्या बुंध्याशी चारी बाजूंनी बोटांची टोकं ठेवून आत छातीच्या दिशेने हलका पण सलग दाब द्या, मिनिटभर तरी, दुखेल इतका नाही. सूज मागे सरकते, गडद भाग मऊ पडतो. मग हाताने थोडं दूध काढा आणि लगेच बाळाला लावा. पाजण्याच्या मधल्या वेळात थंड कापड ठेवलं की बरं वाटतं. एक बाजू लाल, गरम, ताप आणि अंगदुखी असेल तर मात्र डॉक्टरना दाखवा, आणि तेव्हाही पाजणं बंद करायचं नाही.

शील्ड आणि बाटली

सिलिकॉनचं निप्पल शील्ड (निप्पलवर बसवायची पातळ टोपी) हल्ली इतकं सहज मिळतं की बाळाने एकदा तोंड फिरवलं की कोणीतरी ते आणूनच ठेवतं. मी शील्डच्या विरोधात नाहीये. सपाट किंवा आत ओढलेलं निप्पल, लवकर जन्मलेलं बाळ, अशा ठिकाणी त्याने काम भागतं. पण पहिल्याच दिवशी, दूध उतरायच्या आधी, अंदाजाने कुठल्याही मापाचं लावायचं आणि मग बाळाचं वजन बघायचंच नाही, हे काय! घट्ट चीक त्यातून नीट येत नाही. वापरलंच तर मापाचं वापरा, वजनावर लक्ष ठेवा, आणि मधून मधून काढून बघत जा. आणि हो, निप्पल सपाट आहे म्हणून हात टेकू नका, बाळ स्तन धरतं, निप्पल नाही.

बाटलीबद्दल मत थोडं नरम झालंय लोकांचं. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या स्तनपानासाठीच्या 1989 च्या दहा पायऱ्यांमध्ये बाटलीची रबरी बोंडं आणि चोखणी देऊच नका असं होतं, 2018 मध्ये ते बदलून आयांना त्यातले धोके समजावून सांगा असं केलं. ठीक आहे. पण ज्याला अजून छाती धरता येत नाही त्याला बाटलीचा आयता प्रवाह दिला की ते तिथेच रमतं, हे मी इतक्यांदा बघितलंय की अजून मी चमचा किंवा छोटी वाटीच हातात देते. बाळाला जरा उभं धरा, वाटी खालच्या ओठाला टेकवा आणि त्याला स्वतः चाटू-पिऊ द्या, ओतू नका. वेळ लागतो, हो. ज्यांना पाच मिनिटांत मोकळं व्हायचंय त्यांना हे पटत नाही.

याच्या उलट टोकाची चूक जास्त घातक आहे: उपाशी ठेवलं की झक मारून धरेल. नाही धरणार. उपाशी बाळ आधी रडतं, मग थकून झोपतं, आणि लोकांना वाटतं शहाणं बाळ आहे. नवजात बाळाला 24 तासांत 8 ते 12 वेळा पाजायला हवं, स्वतः उठत नसेल तर उठवून. अंगावर नाही तर काढलेलं दूध, पण पोटात गेलं पाहिजे.

बारीकसारीक पण रोजच्या

रडायला लागल्यावर पाजायला घेणं. रडणं ही भुकेची शेवटची खूण आहे, ओठ चाटतंय, मान वळवून तोंड शोधतंय, हात तोंडात घालतंय तेव्हाच घ्या. दोन बोटांच्या कात्रीत स्तन धरणं, त्यात बोटं गडद भागावर येतात आणि बाळाला जागाच उरत नाही, इंग्रजी सी सारखा हात करून बोटं मागे ठेवा. दुपट्यात गुंडाळून पाजणं, हात मोकळे असू देत, ते हातानेच शोधतं. दर वेळी साबणाने स्तन धुणं, गरज नाही, कोरडे पडून चिरतात. घड्याळ लावून दहा मिनिटांत बाजू बदलणं, बाळाला ठरवू द्या. आणि पाजताना समोर मोबाईलवर व्हिडिओ लावून त्यातल्या बाईसारखं बसायचा प्रयत्न करणं, तिचं शरीर वेगळं तुमचं वेगळं.

दूध पोचतंय का याचा हिशोब लंगोटात असतो. पाचव्या दिवसापासून 24 तासांत निदान सहा वेळा चांगली ओली आणि तीन-चार वेळा पिवळी शी. काळी शी पाचव्या दिवशीही काळीच असेल तर दूध कमी जातंय. वजन सुरुवातीला थोडं उतरतं, पण जन्माच्या वजनाच्या 10 टक्क्यांपर्यंत घट गेली तर डॉक्टरांना दाखवायला थांबू नका, आणि दोन आठवड्यांत जन्माचं वजन परत यायला हवं. बाळ उठवूनही उठत नाही, तोंड कोरडं, लघवी जवळजवळ नाही, पिवळेपणा वाढतोय, तर आधी डॉक्टर, पोझिशन नंतर.

कधीकधी सगळं बरोबर करूनही जमत नाही. जीभ खालून चिकटलेली असते, रडताना वर उचलली जात नाही किंवा टोकाला खाच पडते. प्रत्येक चिकटलेली जीभ कापायची नसते, पण दुखणं थांबत नसेल आणि वजनही अडलं असेल तर माहीतगार माणसाने तोंडात बोट घालून तपासायला हवी, फोटो बघून नाही. एकाच बाजूला पितं, दुसऱ्या बाजूला ओरडतं, अशा बाळाची मान आखडलेली किंवा प्रसूतीत खांद्याजवळचं हाड दुखावलेलं असू शकतं. 37 आठवड्यांच्या आत जन्मलेली बाळं कधीकधी धरतात छान आणि चार घोटांत झोपतात, त्यांना बरेचदा दूध काढून वरून द्यावं लागतं काही दिवस.

मदतीला कोणाकडे जाणार असाल तर बाळाला भरपेट पाजून नेऊ नका, सगळे तेच करतात, रस्त्यात रडू नये म्हणून. मग ते तिथे गाढ झोपतं आणि बघणाऱ्याला काही बघायलाच मिळत नाही. भूक लागायच्या बेताला न्या, आणि पहिल्या पकडीपासून सोडेपर्यंत सगळं पाजणं बघा असं स्पष्ट सांगा. स्वतःच हात घालून बाळ लावून देणाऱ्यापेक्षा तुमच्या हाताने करून घेणारी बरी, रात्री तीनला ती तुमच्याजवळ नसणार आहे.