एक्सऑर्ग आणि ग्राफिक्स कार्ड: या चुका टाळा

नवं कार्ड बसवलं, पडदा काळा पडला, की बहुतेकांचा कार्यक्रम ठरलेला असतो. नेटवर शोधायचं, कुणाची तरी भलीमोठी एक्सऑर्ग डॉट कॉन्फ (लिनक्सवर पडद्यावर चित्र दाखवणाऱ्या एक्सऑर्ग या प्रोग्रामची सेटिंग फाइल) उचलायची, जशीच्या तशी चिकटवायची आणि मशीन रीस्टार्ट करायचं. पडदा काळाच. मग दुसऱ्या कुणाची फाइल. तीही चालली नाही की शिव्या लिनक्सला. "लॉग बघितला का?" असं विचारलं तर उलट प्रश्न येतो, "कुठला लॉग?"

म्हणून आधी लॉगचंच, म्हणजे एक्सऑर्गच्या नोंदवहीचंच, बोलू. तो व्हार/लॉगमध्ये 'एक्सऑर्ग.०.लॉग' या नावाने असतो. एक्स सर्व्हर, म्हणजे एक्सऑर्गच, रूटऐवजी (सर्वाधिकारी युजरऐवजी) साध्या युजरच्या नावाने चालत असेल, तर होम फोल्डरमधल्या लपलेल्या डॉट लोकल/शेअर/एक्सऑर्गमध्ये सापडतो. प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला खूण असते. 'ईई' म्हणजे चूक, 'डब्ल्यूडब्ल्यू' म्हणजे इशारा. दोन तारे दिसले तर ती गोष्ट तुमच्या फाइलमधून आली, दोन बरोबरची चिन्हं म्हणजे सर्व्हरचं डिफॉल्ट, आणि दोन आडव्या रेघा म्हणजे सर्व्हरने हार्डवेअरलाच विचारून घेतलं. एवढं कळलं तरी निम्मं काम होतं. पण मंडळी शेवटची 'नो स्क्रीन्स फाउंड' ही एकच ओळ कॉपी करून मदत मागतात. डॉक्टरला फक्त "ताप आहे" सांगून फोन ठेवून देण्यासारखं आहे हे. ती ओळ नुसता परिणाम सांगते. कारण वर कुठेतरी, पहिल्या 'ईई'च्या आसपास असतं.

आता अख्खी फाइल उचलण्याबद्दल. कुठला ड्रायव्हर लावायचा, मॉनिटर किती रिझोल्यूशनचा, हे आजचा सर्व्हर स्वतः शोधतो. मॉनिटरची माहिती त्याला ईडीआयडीमधून, म्हणजे मॉनिटरने स्वतःच कळवलेल्या तपशिलातून, मिळते. तुम्ही फाइलमध्ये एक ओळ लिहिता तेव्हा तो एक निर्णय सर्व्हरकडून काढून घेता, आणि उसन्या फाइलमध्ये असे निर्णय ढिगाने असतात. त्यातल्या 'हॉरिझसिंक'च्या (आडव्या फ्रिक्वेन्सीच्या) ओळी भलत्याच कुणाच्या मॉनिटरच्या, ड्रायव्हरच्या जागी 'एफजीएलआरएक्स', म्हणजे एएमडीचा केव्हाच बंद पडलेला ड्रायव्हर. मग पडदा उजळेल कसा? माझ्या मशीनवर एक्सऑर्ग डॉट कॉन्फ नावाची फाइलच नाही. ईटीसी/एक्स११/एक्सऑर्ग डॉट कॉन्फ डॉट डी या फोल्डरमध्ये एक छोटी फाइल आहे. तिच्यात फक्त 'डिव्हाइस' सेक्शन: आयडेंटिफायर, ड्रायव्हर, आणि ज्या एका ऑप्शनसाठी फाइल बनवली तो ऑप्शन. कार्डं दोन असतील तरच 'बसआयडी', म्हणजे कार्डाचा मशीनमधला पत्ता.

या बसआयडीने मी माणसं रडकुंडीला आलेली पाहिली आहेत. एका मित्राच्या मशीनमध्ये दोन कार्डं होती. त्याने एलएसपीसीआय ही मशीनमधली कार्डं दाखवणारी कमांड चालवली, हव्या त्या कार्डापुढे '१०:००.०' दिसलं, म्हणून फाइलमध्ये 'पीसीआय:१०:०:०' लिहिलं. दिसायला एकदम बरोबर. सर्व्हर म्हणे, डिव्हाइसच नाही. त्याने ड्रायव्हर काढून परत टाकला. कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, बदलला. कार्ड उपसून दुसऱ्या स्लॉटमध्ये बसवलं, त्यामुळे बसचा नंबरच बदलला आणि गोंधळात भर पडली. शेवटी अख्खं डिस्ट्रो, म्हणजे सगळं लिनक्सच, नव्याने टाकलं आणि जुनी फाइल बॅकअपमधून परत आणली, म्हणजे चूकसुद्धा सुखरूप परत आली! माझ्याकडे प्रकरण आलं तेव्हा कार्ड पहिल्याच स्लॉटमध्ये परत आलं होतं आणि "कार्डच खराब आहे" असा निकालही लागलेला होता.

कार्ड ठणठणीत होतं. एलएसपीसीआय नंबर षोडशमान पद्धतीत दाखवतं आणि एक्सऑर्गला तो दशमानात हवा असतो. तिथला १० म्हणजे इथला १६. 'पीसीआय:१६:०:०' लिहिलं आणि लॉगिनचा पडदा आला. चिडायला होतं ते याचं, की उत्तर त्याच्या लॉगमध्ये पहिल्यापासून होतं. सर्व्हर सुरू होताना सापडलेल्या प्रत्येक कार्डाची 'पीसीआय' अशी ओळ छापतो, मुख्य कार्डापुढे तारा असतो, आणि तिथला बस नंबर दशमानातच असतो. तिथे स्वच्छ १६ लिहिलेलं होतं. मी आता एलएसपीसीआयवरून बसआयडी लिहीतच नाही, लॉगमधून उचलतो. नंबर ९ पर्यंत असेल तर दोन्हीकडे सारखाच दिसतो, म्हणून वर्षानुवर्षं कुणाला काही कळत नाही. आणि एक: एलएसपीसीआयमध्ये शेवटच्या आकड्याआधी टिंब असतं, फाइलमध्ये तिथे कोलन (:) लागतो.

दुसरी माझी नावडती गोष्ट म्हणजे विसरलेला 'नोमोडसेट'. इन्स्टॉलर पडदा दाखवत नव्हता म्हणून कुणीतरी हा कर्नल पॅरामीटर सुचवला. ठीक आहे, आत शिरण्यापुरता तो चालतो. पण तो ग्रबमध्ये, म्हणजे लिनक्स बूट करणाऱ्या प्रोग्रामच्या सेटिंगमध्ये, तसाच राहतो. मग इंटेल, एएमडी किंवा नूव्होचा (एनव्हिडिया कार्डांसाठीचा मुक्त ड्रायव्हर) कर्नल ड्रायव्हर कार्ड ताब्यातच घेत नाही, आणि एक्स सर्व्हर फ्रेमबफर किंवा व्हेसा या कामचलाऊ ड्रायव्हरांवर कसाबसा उभा राहतो. लक्षणं ओळखीची आहेत. रिझोल्यूशन १०२४ बाय ७६८ वर अडकलेलं, एक्सरँडर या कमांडमध्ये आउटपुटचं नाव एचडीएमआय वगैरे नसून नुसतं 'डिफॉल्ट', जीएलएक्सइन्फो या कमांडमध्ये रेंडरर म्हणून 'एलएलव्हीएमपाइप', म्हणजे सगळं चित्र प्रोसेसर रंगवतोय. साधा व्हिडिओ लावला तरी पंखा घोंघावतो. अशा वेळी हौशी लोक मोडलाइन, म्हणजे रिझोल्यूशन आणि टायमिंगची ओळ, हाताने लिहायला बसतात! त्याआधी प्रॉक/सीएमडीलाइन ही फाइल वाचा. तिथे नोमोडसेट दिसला तर ईटीसी/डिफॉल्ट/ग्रबमधून काढा, ग्रब अपडेट करा, रीबूट करा.

मोडलाइन खरंच लागतेच असं असेल, उदाहरणार्थ मधल्या स्विचमुळे ईडीआयडी पोचत नसेल, तर मोडलाइन काढून देणाऱ्या 'सीव्हीटी' कमांडचं उत्तर डोळे मिटून चिकटवू नका. १९२० बाय १०८०, ६० हर्ट्झला ते १७३ मेगाहर्ट्झचा पिक्सेल क्लॉक देतं. सिंगल लिंक डीव्हीआय जोडणीची मर्यादा १६५. मॉनिटर 'नो सिग्नल' म्हणतो आणि लोक केबल बदलत बसतात. सीव्हीटीला 'आर' हा पर्याय द्या, रिड्यूस्ड ब्लँकिंगने (ओळींमधला रिकामा वेळ कमी करून) तोच क्लॉक १३८.५ वर येतो.

एनव्हिडियावाल्यांचं मुख्य दुखणं म्हणजे अधीरपणा. डिस्ट्रोचं पॅकेज असताना त्यावरच कंपनीची डॉट रन फाइल चालवायची, दोघांच्या लायब्ररी एकमेकींवर चढल्या की "ड्रायव्हर बेकार आहे" म्हणायचं. एकच वाट धरा, आणि शक्यतो पॅकेजची. नूव्हो ब्लॅकलिस्ट केल्यावर इनिटरॅमएफएस (बूटच्या सुरुवातीला लोड होणारी फाइल) पुन्हा बनवलं नाही, तर बूट होताना तो पुन्हा हजर होतो. कर्नल हेडर्स नसतील तर ड्रायव्हरचं कर्नलमध्ये बसणारं मॉड्यूल बनणारच नाही. सिक्युअर बूट चालू असेल तर सही नसलेलं मॉड्यूल लोड होणार नाही. आणि कार्ड जुनं असेल तर ड्रायव्हरची शाखा बघून घ्या: केपलर पिढीसाठी ४७० ही शेवटची, फर्मीसाठी ३९०. नवा ड्रायव्हर टाकून जुनं कार्ड चालत नाही.

लॅपटॉपमध्ये दोन कार्डं असतील आणि एलएसपीसीआयमध्ये एनव्हिडियापुढे '३डी कंट्रोलर' लिहिलं असेल, तर पडदा सहसा दुसऱ्याच कार्डाला जोडलेला असतो. फक्त एनव्हिडियाचं सेक्शन लिहून काळा पडदा मिळवू नका, प्राइमबद्दल, म्हणजे दोन कार्डं मिळून वापरायच्या सोयीबद्दल, वाचा.

डेप्थ (रंगांची खोली, बिटांमध्ये) ३२ लिहू नका, २४ लिहा.

इंटेलसाठी वेगळा 'इंटेल' ड्रायव्हर टाकायची घाई नको. मोडसेटिंग ड्रायव्हर २०१५ च्या १.१७ आवृत्तीपासून सर्व्हरमध्येच आहे आणि बहुतेकांना तो पुरतो.

ड्रायव्हर बदलला की आउटपुटची नावंही बदलतात. इंटेलमध्ये 'एचडीएमआय१', मोडसेटिंगमध्ये 'एचडीएमआय-१', एनव्हिडियात 'एचडीएमआय-०'. जुनी एक्सरँडर स्क्रिप्ट गप्प बसली तर आधी हे तपासा.

आणि सगळ्यात आधी 'एक्सडीजी सेशन टाइप' हा व्हेरिएबल बघा. तिथे 'वेलँड' (एक्सऑर्गच्या जागी आलेली नवी पद्धत) असेल तर तुमची एक्सऑर्गची फाइल त्या सेशनमध्ये कुणी वाचतच नाहीये, कितीही बदला.

प्रयोग करण्यापूर्वी दुसऱ्या मशीनवरून एसएसएच (दुरून लॉगिन) लागतंय ना, याची खात्री मी करूनच घेतो. दुसरं मशीन नसेल तर निदान कंट्रोल-ऑल्ट-एफ३ दाबून टेक्स्ट कन्सोलवर लॉगिन होतंय का ते पाहतो. पडदा गेला तर तिथून कॉन्फ डॉट डीमधली आपली फाइल दुसरीकडे हलवायची आणि डिस्प्ले मॅनेजर (लॉगिनचा पडदा दाखवणारा प्रोग्राम) रीस्टार्ट करायचा. पॉवर बटण दाबून धरायची गरज नाही.